लोखंडी रेड्याची गोष्ट

माझ्या वडिलांना हिंदी नीट येत नव्हतं. तरी एका जपानी कार्टूनची हिंदीतली गोष्ट त्यांनी मला एक आठवडा सोडून एक आठवडा, बराच काळ, मराठीतून सांगितली. सकाळी मी त्यांना कुशीवर वळवून पाठीला तेल चोळायचो तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे असायचं. ते भिंतीकडे बघून सांगायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून ऐकायचो. मी पदवीधर होतो, फौंड्रीत कामाला होतो आणि लग्नाच्या वयाचा होतो. पण काल संध्याकाळी त्या गोष्टीतल्या पोराचं काय झालं, हे कळल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

हे वेड जुनं आहे. शाहूवाडीतल्या आमच्या गावी टीव्ही एकच होता, समाजमंदिरात, लाकडी पेटीत कुलूपबंद. रविवारी सकाळी पेटी उघडली जायची आणि आमच्या आळीची सगळी पोरं फरशीवर बसायची. बाहेरच्या देशातून आलेली, हिंदीत बोलणारी कार्टून लागायची. त्यातली काही जपानची होती, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला एवढंच कळायचं, की काही कार्टूनांतली माणसं गप्प बसतात. नुसती उभी राहतात, वारा येतो, त्यांचे केस हलतात, आणि काही होत नाही. ते मला फार आवडायचं. बाकीच्या पोरांना त्या वेळी लघवी लागायची.

पण आमचं गाव डोंगराच्या आड होतं. पडद्यावर मुंग्या यायच्या आणि कोणाला तरी छपरावर चढून अँटेना धरावी लागायची. मी अंगाने हलका, म्हणून पाळी बहुतेक वेळा माझ्यावर यायची. छपरावरच्याला चित्र दिसत नाही. खालून आवाज येतो तेवढाच. खाली पोरं हसली की मी विचारायचो, काय झालं, आणि खालून उत्तर यायचं, हलू नको, गेलं बघ. अशा किती तरी गोष्टी मी निम्म्या बघितल्या आणि निम्म्या कौलांवर उकिडवं बसून मनाने जुळवल्या.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत मोल्डर होते. म्हणजे काळ्या वाळूत साचे बांधायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. आमचं भाताचं वावर घराला पुरणारं नव्हतं, म्हणून ते कोल्हापूरला खोली घेऊन राहायचे. वसाहतीची सुट्टी विजेच्या हिशेबाने ठरलेली, सोमवारची. त्यामुळे रविवार आमच्या घरात कधी सुट्टीचा वार नव्हताच. सोमवारी शाळा सुटल्यावर मी धावत घरी यायचो, कारण परतीची एसटी संध्याकाळची असायची. एसटीच्या थांब्यापर्यंत मी आबांना रविवारचं कार्टून सांगत जायचो. जे छपरावरून दिसलं नव्हतं, तेही सांगायचो. ते मान हलवत चालायचे. एकदाही त्यांनी मला, हे खरं का रे, असं विचारलं नाही.

दहावी झाल्यावर आई आणि मी आबांकडे आलो. राजारामपुरीच्या मागच्या बाजूला, एका क्लासच्या इमारतीला लागून आमची खोली होती. दिवसभर भिंतीपलीकडून गणिताच्या सरांचा आवाज यायचा. आई दोन दवाखान्यांची झाडलोट करायची. मी बी.कॉम. झालो. आमच्या भावकीत पदवी घेणारा मी पहिला. झगा घालून काढलेला माझा फोटो आईने भिंतीवर निळ्या कोटातल्या फोटोच्या खाली लावला. बरोबरीला नाही, खाली, हे तिने मला दाखवून दिलं. आबांनी फौंड्रीत पेढे वाटले. गावी समाजमंदिरात माझा सत्कार झाला आणि त्याच टीव्हीच्या पेटीवर हार ठेवला होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात फौंड्रीत क्रेनची साखळी निसटली आणि आबांच्या कमरेवर वाळूने भरलेली साचापेटी आली.

ते वाचले. कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्याचं सगळं कंपनीने केलं, आणि आबांच्या जागेवर मला घेतलं. ही आमच्याकडची रीत आहे. बाप पडला की पोराला जागा. मालक स्वतः खोलीवर आले होते, आई त्यांच्या पाया पडली. त्या नोकरीने आम्हाला जगवलं हे मी विसरलेलो नाही, आणि हे लिहितानाही कोणाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण पहिल्या दिवशी मी आबांच्याच कपाटातून आबांचाच डगला काढून अंगात घातला, आणि त्याचं बटण लावताना मला वाटलं की हे आता माझ्याकडून कधी निघणार नाही.

पाळ्या दोन होत्या. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. सकाळपाळी असली की मी साडेतीनला सुटून सिटी बसने पाचच्या आत घरी पोचायचो.

आणि पाचला ती मालिका लागायची. केबलवर मुलांचा एक नवा चॅनेल आला होता. बर्फाचा मुलूख. तिथे एक पोरगा लोखंडी रेड्यावरून गावोगाव धान्य पोचवतो. रेड्याच्या पोटात भट्टी आहे. ती विझली की रेडा संपला, म्हणून पोरगा रोज लाकडं गोळा करतो, राख काढतो, थंडी वाढली की त्या पोटाला टेकून झोपतो. डोंगरापलीकडे समुद्र आहे असं त्याने ऐकलेलं असतं. त्याला तो बघायचा असतो. पण खिंड अरुंद आहे, रेड्याला ती चढता येत नाही. एवढीच गोष्ट. मारामारी नाही, जादू नाही. मूळ चित्रात तो प्राणी लांब केसांचा कुठला तरी डोंगरी बैल असावा. आबांनी पहिल्याच दिवशी त्याला रेडा ठरवलं आणि मग तो आमच्या घरात रेडाच राहिला.

आबांची खाट टीव्हीसमोर होती, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. दुपारी आई कामावर, मी दुपारपाळीला, ते एकटे. दुपारपाळीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सहज म्हणालो की तेवढं पाचचं बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल चोळायला बसलो, तर त्यांनीच सुरू केलं.

"त्यो पोरगा गेलता बाजाराला," ते भिंतीला म्हणाले. "मलकापूरच्या बाजारावाणी हुता, पर समदं मीठ सांडल्यागत पांढरं."

त्यांच्या सांगण्यात मलकापूर यायचं, आंबा घाट यायचा, भाताच्या चिखलणीला न वळणारे रेडे यायचे. पोराच्या वाटेत लांडगे असले तर आबांच्या गोष्टीत गवे असायचे. हिंदी संवाद त्यांना निम्मे कळायचे आणि उरलेले ते स्वतः भरायचे. पोराच्या तोंडी ते अशी भाषा घालायचे की तो शिरोली नाक्यावर चहा पिऊन आलाय असं वाटावं. सकाळपाळीचा आठवडा आला की मी स्वतः बघायचो आणि सांधे जुळवायचो. कधी जुळायचे, कधी नाही. गेल्या आठवड्यात आबांनी ज्याला मारून टाकलं होतं, तो म्हातारा मजेत शेगडीपाशी बसलेला दिसायचा. मी खाटेकडे बघायचो. आबा म्हणायचे, "बरा झाला असंल की."

फौंड्रीत हे लपलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी काळ्या वाळूवर खिळ्याने चित्रं काढायचो. मोठे डोळे, बर्फ, रेडा. आबांबरोबर मोल्डिंगला असलेले एक काका होते. ते डबा उघडता उघडता म्हणायचे, बी.कॉम. होऊन कार्टून बघतोस व्हय, आधी पोरं हुदेत, मग बघ की त्यांच्यासंगट. सगळे हसायचे. मी चित्र पायाने पुसायचो. त्याच वाळूचा दुपारी साचा व्हायचा.

घरी मात्र मी कॅलेंडरच्या पाठीवर काढायचो. जुन्या वर्षांची कॅलेंडरं आई दवाखान्यांतून आणून द्यायची. राजारामपुरीत सायबर कॅफे सुरू झाला तेव्हा कळलं, की या प्रकाराला ॲनिमे म्हणतात आणि माझ्यासारखे लोक जगभर आहेत. तिथल्या लाकडी खोक्यात बसून मी त्यांच्या गप्पा वाचायचो. लिहायची हिंमत झाली नाही. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं. पण फौंड्रीतला माणूस म्हणून तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, एवढ्यानेही छाती मोकळी व्हायची.

पुण्याची जाहिरात मी पेपरात वाचली. बाहेरच्या देशांसाठी कार्टूनचं काम करणाऱ्या एका कंपनीला हाताने चित्रं काढणारी माणसं हवी होती. पदवी कुठलीही चालणार होती. मी कॅलेंडरं गुंडाळली आणि एका सोमवारी पहाटेच्या एसटीने गेलो. त्यांनी मला काचेच्या टेबलापुढे बसवलं. काचेखाली दिवा होता. दोन चित्रं दिली. पहिल्यात एक म्हातारी बसलेली, दुसऱ्यात ती उभी. मधली चित्रं तुम्ही काढा, म्हणाले. म्हातारी उठताना काय काय होतं, ते त्या मधल्या चित्रांत दिसायला हवं होतं.

मला फार विचार करावा लागला नाही. आबांना खाटेवर बसतं करताना अंगाचं काय होतं ते मी रोज बघत होतो. आधी मान पुढे येते, मग हात आधार शोधतो, मग चेहरा क्षणभर कोणाचाच राहत नाही. तपासणारे गृहस्थ माझे कागद भरभर उलटत राहिले, म्हातारी उठत राहिली. त्यांनी मला पुढच्या महिन्यापासून या म्हणून सांगितलं. राहायची सोय पहिले काही दिवस तेच करणार होते.

कोल्हापूरला परत येताना एसटीत मी खिडकीशी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि त्यांच्याकडेच बघत होतो.

घरी सांगितलं. आबा म्हणाले, तुझं तू बघ. आई म्हणाली, "तू जा. मी बघतो की." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मोरीपाशी बसवलं आणि हात लावू नकोस म्हणाली. आबांना ती एकटीच वळवून दाखवणार होती. तिने पदर खोचला, एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि उचललं. आबा निम्मे वळले. तिथेच ती अडकली. पुढे ढकलायला जोर नाही, आणि सोडलं तर ते आपटणार. तिचे दंड थरथरत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आबाच त्या अवस्थेत म्हणाले, "निम्मा पुण्यात, निम्मा कोल्हापुरात झालो की मी."

आई हसली आणि हसल्यावर तिचा उरलेला जोरही गेला. मी उठून हात लावला.

फौंड्रीत बातमी पोचली होती. सुपरवायझरनी मला दारातच गाठलं. आबांबरोबर वर्षानुवर्षं एका ताटात भाकरी मोडलेला माणूस, पण त्या दिवशी मला परक्यासारखं पावणं म्हणाले.

"काय पावणं, निघालासा म्हनं पुण्याला? जावा की. पर ही जागा एकदाच मिळती. आबांचं कंबरडं गेलं तवा मिळाली. आता कुणाचं घालवणार?"

ते वाईट मनाचे नव्हते. ते खरंच सांगत होते. मी गेलो आणि सहा महिन्यांत परत यावं लागलं, तर काय? आई-आबांना पुण्याला न्यायचं, तर खोली कुठली, दवाखाना कुठला? खाटेपासून मोरीपर्यंत आबांना उचलून नेणारं कोण? प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, पण ते एकेकाला होतं. सगळे प्रश्न एकदम उभे राहिले की उत्तरं संपायची.

पुण्याला कळवायचं होतं तो आठवडा दुपारपाळीचा होता. त्या आठवड्यात मालिकेत पोरगा खिंडीच्या तोंडाशी पोचला होता. मला बघायला मिळणार नव्हतं. मी रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन बसायचो आणि आबा सांगायचे. पोराने खिंड बघितली. वर जाऊन एक रात्र राहिला. परत खाली आला. लाकडं गोळा केली.

शुक्रवारी मी हात थांबवून विचारलं, मग तो जाणार कधी?

"कुठं?"

"पलीकडं. समुद्र बघायला."

भिंतीपलीकडे गणिताचे सर फळ्यावर खडू आपटत होते.

"आरं, रेडा सोडून जातंय व्हय कोण?" ते म्हणाले. "जाळ इझंल की."

माझं तेल चोळून झालं. त्यांना सरळ केलं. हात धुतले, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, विचार करा अजून. मी म्हणालो, केला. आभार मानले. फोन ठेवल्यावर बूथवाल्या बाईंनी चिठ्ठी फाडून दिली, ती मी खिशात ठेवली आणि पाळीला गेलो.

थोड्या दिवसांनी मोल्डिंगच्या त्या काकांनी माझ्या हातात मुठीएवढी एक वस्तू ठेवली. ओतकाम झाल्यावर बादलीच्या तळाशी लोखंडाचा रस उरतो. तो असाच वाळूत सोडायचा असतो, पण जुने लोक कधी कधी त्यातून काही तरी करतात, पाळण्यातल्या पोराला घुंगूर, मारुतीला गदा. काकांनी माझं वाळूतलं चित्र बघून साचा केला होता. ओबडधोबड रेडा, एक शिंग मोडकं.

"घे तुझा रेडा," ते म्हणाले. "हितंच ऱ्हायलास न्हवं?"

मला तो फार आवडला. आणि घरी नेताना पिशवीत त्याचं वजन मला सहन होईना. आबांनी तो उशाशी ठेवून घेतला.

पुढच्या सकाळपाळीच्या आठवड्यात पाचला टीव्ही लावला, तर मालिका नव्हती. चॅनेलने ती बंद केली होती, तिच्या जागी दुसरं काही तरी गोंगाटाचं चालू होतं. शेवट मला आबांकडूनच मिळाला होता, तोच राहिला. मी दुसरी ॲनिमे बघत गेलो. सीडी मिळू लागल्या, मग डाउनलोड. जपानी अक्षरं शिकलो, निम्मी विसरलो. चित्रं काढत राहिलो. फौंड्रीत मोल्डिंगवरून तपासणीला गेलो, डोक्यावर पिवळ्याऐवजी पांढरं हेल्मेट आलं. पुण्याचं नाव निघालं की मी चहाला उठायचो.

बऱ्याच वर्षांनी सायबर कॅफेत सहज त्या मालिकेचा शोध घेतला. कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी प्रत्येक भागात काय घडतं ते ओळीने लिहून ठेवलं होतं. मी माझा आठवडा शोधला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. पोरगा रेड्याच्या भट्टीत शेवटची लाकडं घालतो, त्याच्या कपाळाला कपाळ लावतो आणि एकटा खिंड चढून जातो. त्यानंतरचे सगळे भाग समुद्राचे होते.

मला वाटलं, आबांना हिंदी कळलं नसेल. पण पुढे लिहिलं होतं, की या भागात कोणी काही बोलत नाही.

मी पैसे देऊन बाहेर आलो. राजारामपुरीच्या रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती, क्लासची पोरं सायकली काढत होती. मला राग आला होता आणि तो कोणावर आहे ते कळत नव्हतं. आबांनी मला कधी राहा म्हटलं नव्हतं. मी त्यांना कधी जाऊ का म्हणून विचारलं नव्हतं. आम्ही दोघं एका रेड्याबद्दल बोललो होतो. तीन-चार गल्ल्या फिरून मी घरी गेलो. आबांनी पाणी मागितलं, ते दिलं.

नंतर घरात जुना कॉम्प्युटर आला तेव्हा मी ती मालिका मिळवली. जपानीतच होती, खाली इंग्रजी ओळी. मी आबांना म्हणालो की तुमचा रेडा आलाय. त्यांचे केस तोपर्यंत पूर्ण पांढरे झाले होते. सोमवारच्या सुट्टीला आम्ही एकेक, दोन-दोन भाग बघू लागलो. ते खूश होते. जपानी ऐकून म्हणाले, हिंदीपेक्षा हे बरं कळतंय. मलकापूरचा बाजार आला, लांडगे आले. मेलेला म्हातारा शेगडीपाशी बसलेला दिसला तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

आणि एका सोमवारी खिंड आली.

सुरुवातीचं गाणं झालं. पडद्यावर नुसता बर्फ होता आणि वारा. पोरगा लाकडांची मोळी बांधत होता. मी पडद्याकडे बघत नव्हतो, आबांकडे बघत होतो. त्यांचा हात उशाशी असलेल्या लोखंडी रेड्यावर होता.

"बंद कर," ते म्हणाले.

"का? दमलासा?"

"न्हाय. फुडचं बघितलंय मी."

आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मान तेवढी त्यांची त्यांना वळवता येत होती.

मी कॉम्प्युटर बंद केला. पलीकडे क्लासला सुट्टी होती, भिंत शांत होती. विचारायचं असतं तर तेव्हाच विचारता आलं असतं. वाटीत तेल घेतलं, खाटेवर बसलो, एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि त्यांना कुशीवर वळवलं. ते आता खूप हलके झाले होते. आईला एकटीलाही जमलं असतं.

"सांगा की," मी म्हणालो.

"काय?"

"फुडचं. तुमचं."

मग त्यांनी घसा साफ केला.

"त्या दिशी लई बर्फ पडलं हुतं," ते भिंतीला म्हणाले. "खिंड दिसंना..."

ते सांगत राहिले. पोरगा गेला नाही. त्याने लाकडं आणली, राख काढली, जाळ केला. मी तेल चोळत राहिलो.